नळी किती लांब? एका आखूड रायफलची लांबलचक गोष्ट

 

मागच्या एपिसोडनंतर बारामतीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, बीजीएमआयमध्ये एम४१६ पण आहे आणि एम१६ए४ पण. दोन्हीत गोळी तीच, ५.५६ ची. मग एक लांब आणि एक आखूड कशाला? सगळ्यांनी आखूडच घ्यायची ना!"

मी दोन ओळींत उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो. कारण नेमका हाच प्रश्न अमेरिकन सैन्याला साठ वर्षं छळतोय. कधी त्याचं उत्तर चुकलं, कधी अर्धंच बरोबर आलं, आणि चुकलेल्या उत्तराचा हिशेब भलत्याच पोरांनी चुकता केला. त्यामुळे आजचा अख्खा एपिसोड त्या बारामतीकराच्या नावे.

आधी थोडं मागे जाऊ. रायफलची नळी लांब असली की काय होतं? काडतुसातली दारू जळते (हो, बंदुकीची दारू, हसू नका), तिचा गॅस गोळीला ढकलतो, आणि नळी जितकी लांब तितका वेळ हे ढकलणं चालू राहतं. म्हणजे वेग जास्त. पण लांब नळी घोड्यावर अडचण करते, दारातून आत शिरताना अडते, गाडीत मावत नाही.

इंग्रजांनी यावर बोअर युद्धानंतर तोडगा काढला. १८९९ ते १९०२ या युद्धापर्यंत त्यांच्या पायदळाकडे ३० इंची नळीची ली-एनफिल्ड होती आणि घोडदळाकडे २१ इंचाच्या आसपासची कार्बाईन. युद्धानंतर ठरलं की सगळ्यांना एकच, मधली: २५.२ इंच. हीच ती 'शॉर्ट' ली-एनफिल्ड, जी पुढे आपल्याकडे ईशापूरलाही बनली आणि तिच्या पुढच्या भावंडांच्या रूपात आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कितीतरी वर्षं दिसली. निशाणेबाज मंडळींनी तेव्हा आरडाओरडा केला की नळी कापून रायफलची वाट लावली. तसं काही झालं नाही. रायफल उत्तम चालली.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ली-एनफिल्डमध्ये प्रत्येक गोळीनंतर सैनिक स्वतःच्या हाताने बोल्ट मागेपुढे करायचा. मी कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा .२२ ची रायफल अशीच हाताने चालवायचो, आणि पाचव्या गोळीपर्यंत बोटं दुखायची. पण त्या रायफलची नळी कापली तर काय बिघडतं? थोडा वेग जातो, तोंडाशी जाळ आणि आवाज वाढतो. बस. यंत्र चालवायला तुमचा हात आहे ना.

स्वयंचलित रायफलमध्ये तो हात नसतो. तिथे हाताचं काम गॅस करतो, आणि मग नळी कापणं हा फक्त वेगाचा प्रश्न उरत नाही.

युजीन स्टोनर हे नाव कदाचित ऐकलं असेल. १९५० च्या दशकात आर्मालाइट नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीत काम करणारा हा माणूस. त्याच्या रचनेचं पेटंट १९६० मध्ये मंजूर झालं, आणि त्यातूनच एआर-१५, म्हणजे पुढची एम१६ जन्मली. नळीला पुढच्या बाजूला एक बारीक भोक. गोळी त्या भोकाच्या पुढे गेली की मागचा थोडा गॅस भोकातून वर एका पातळ ट्यूबमध्ये शिरतो आणि उलटा मागे धावतो, थेट बोल्टच्या घरापर्यंत. तिथे तो बोल्टला मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, स्प्रिंगने बोल्ट परत पुढे येतो आणि नवीन काडतूस आत. इतर बंदुकांत हे काम करायला एक लोखंडी दांडा असतो, पिस्टनचा. स्टोनरने तो दांडाच काढून टाकला. बंदूक हलकी झाली.

आता आकडे बघा. स्टोनरच्या रायफलची नळी २० इंच. भोक मागून साधारण १३ इंचांवर. म्हणजे गोळी भोक ओलांडून गेल्यावर अजून ७ इंच नळीत असते. तेवढा वेळ नळीला पुढून गोळीचं बूच असतं आणि गॅसचा दाब टिकतो. गोळी बाहेर पडली की बूच निघालं, दाब संपला. मिलिसेकंदाच्या छोट्याशा भागात उरकणारं हे गणित आहे. भोक कुठे, केवढं, आणि त्याच्या पुढे नळी किती, या तीन गोष्टींवर बंदूक नीट चालणार की अडकणार हे ठरतं.

हे गणित किती नाजूक आहे हे व्हिएतनाममध्ये कळलं, आणि तेही नळीला हात न लावता.

झालं असं की सैन्याने अट घातली होती, गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवा. मूळ दारूने दाबाच्या मर्यादेत राहून तेवढा वेग मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात देणं जड जात होतं. म्हणून १९६४ मध्ये दुसरी दारू मंजूर झाली, बारीक गोल दाण्यांची. कागदावर सगळं ठीक. वेग तोच, नळीतला सर्वांत जास्त दाबही मर्यादेत. फक्त एका जागी फरक होता: गोळी त्या भोकापाशी पोचेपर्यंत या नव्या दारूचा दाब जुन्यापेक्षा जास्त राहायचा. मिनिटाला ७५०-८०० च्या घरात गोळ्या झाडणारी बंदूक हजाराकडे जायला लागली. शिवाय या दारूची राखही जास्त.

इथे घरचं उदाहरण देतो. कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केला, आणि वाफ जिरायच्या आधीच तुम्ही झाकण ओढायला गेलात तर काय होतं? एक तर झाकण हलत नाही, नाहीतर डाळ छताला. रायफलमध्ये हेच. गोळी सुटताना पितळी काडतूस दाबाने फुगतं आणि नळीच्या मागच्या घरात घट्ट बसतं. दाब उतरला की ते सैल होतं, मग बोल्टने ते ओढायचं. पण बोल्ट घाईने मागे यायला लागला तर काडतूस अजून फुगलेलंच असतं. त्यात व्हिएतनामचा दमट पावसाळा, आणि खर्च वाचवायला नळीच्या आत क्रोमचा मुलामा दिलेला नाही, म्हणजे आत गंज. काडतूस जागच्या जागी चिकटायचं आणि बोल्ट त्याची कडा तोडून मोकळा मागे यायचा.

मग ते काढायचं कसं? पुढून नळीत सळई घालून ठोकून. आणि सुरुवातीला कित्येक तुकड्यांना सळई दिलीच नव्हती. साफसफाईचं सामानही अपुरं, कारण ही बंदूक साफ करावीच लागत नाही अशी समजूत पसरलेली होती.

१९६७ मध्ये सैनिकांची घरी आलेली पत्रं अमेरिकन संसदेपर्यंत पोचली. मेलेल्या साथीदारांच्या शेजारी त्यांच्या खोललेल्या रायफली सापडल्या असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे शत्रू समोर असताना पोरगा बंदूक खोलून अडकलेलं काडतूस काढायला बसला होता. खासदार इकॉर्ड यांच्या समितीने चौकशी केली आणि त्याच वर्षी अहवाल दिला. अधिकाऱ्यांनी काडतुसांचे दोष दुरुस्त केले नाहीत, हा प्रकार गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या काठावर जातो असं त्यात नोंदवलं आहे. सरकारी अहवालाच्या मानाने ही भाषा फारच कडक.

दुरुस्त्या झाल्या. मुलामा आला, मागचा बफर जड करून वेग आवरला, सळया आल्या. आणि साफसफाई शिकवायला चक्क कॉमिक छापलं, विल आइझनर यांच्याकडून. हो, तेच, ज्यांच्या नावाने कॉमिक्सचे पुरस्कार देतात.

एकीकडे हे चालू असतानाच दुसरीकडे नळी कापणंही सुरू होतं.

व्हिएतनामच्या जंगलात गुपचूप काम करणाऱ्या तुकड्यांना आखूड बंदूक हवी होती. कोल्ट कंपनीने २० इंचांची नळी थेट १० इंचांवर आणली. भोकही अर्थातच मागे सरकवावं लागलं, पावणेआठ इंचांच्या आसपास. आता हिशेब करा: भोकानंतर नळी उरली जेमतेम सव्वादोन इंच. पूर्वी ७ होती. शिवाय भोक मागे आलं म्हणजे गॅस जास्त तापलेला आणि जास्त दाबाचा. म्हणजे ढकलणारा हात जास्त आडदांड, पण त्याला वेळ कमी. कधी बंदूक अंगात आल्यासारखी धावणार, कधी अर्ध्यातच थांबणार.

तोंडाशी जाळ आणि आवाज तर विचारू नका. म्हणून पुढे चार-साडेचार इंचांचं एक जाड नळकांडं बसवलं. त्याने आवाज कमी झाला आणि नळीतला दाब जरा रेंगाळल्यामुळे बंदूकही बरी चालायला लागली. पुढे नळी दीड इंच वाढवून ११.५ केली, एक्सएम१७७ई२ नावाने. मला यातली गंमत अशी वाटते की आधी १० इंच कापले आणि मग नळकांडं नि दीड इंच मिळून त्यातले निम्मे परत जोडले.

पुढची तीस वर्षं या दोन टोकांच्या मध्ये जागा शोधण्यात गेली. ती सापडली १४.५ इंचांवर, आणि तिचं नाव एम४. १९९४ मध्ये ती सैन्यात अधिकृत झाली. भोक कार्बाईनच्याच जागी, पावणेआठ इंचांवर. पुढे उरलेली नळी पावणेसात इंच, म्हणजे मूळ रायफलइतकीच. दाब टिकायला वेळ भरपूर, पण भोक मागे असल्याने गॅस मात्र जास्त जोराचा. बंदूक चालायची, फक्त स्वतःच्या अंगावर जरा ओढून घेत चालायची. भाग लवकर झिजायचे.

जाता जाता एक भलताच आकडा. अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या अशा बहुतेक रायफलींची नळी १६ इंचांची असते. तिथल्या १९३४ च्या कायद्याने ठरावीक लांबीपेक्षा आखूड रायफलवर नोंदणीचं झंगट आहे (२०२५ पर्यंत करही होता), आणि १९६० पासून ती मर्यादा १६ इंच आहे. म्हणजे हा आकडा वकिलांनी ठरवला. त्या १६ इंची नळ्यांसाठी तिथल्या बंदूकवाल्यांनी भोक दोन इंच पुढे सरकवून बघितलं, 'मिड-लेंथ' म्हणून. धक्का कमी, झीज कमी. सैन्याच्या स्पेशल फोर्सेसनी ही युक्ती १४.५ इंची नळीवर घेतली ती २०१८ च्या सुमारास. नागरी बाजाराने सैन्याला शिकवलं, असं रोज होत नाही.

पण एम४ चा खरा प्रश्न गोळीकडून आला. ५.५६ ची गोळी एवढीशी. तिची मारक शक्ती वेगावर होती: पुरेशा वेगाने लागली तर ती शरीरात आडवी होऊन फुटते. वेग सेकंदाला साधारण ८०० मीटरच्या खाली गेला की फुटण्याचा भरवसा नाही, मग ती सुईसारखी आरपार निघून जाऊ शकते. २० इंचांच्या नळीतून एम८५५ गोळी ९४५ मीटरच्या आसपास वेगाने निघते, १४.५ मधून ८८५ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो ना? पण ८०० ची रेषा पहिली गोळी सव्वाशे-दीडशे मीटरवर ओलांडते आणि दुसरी शंभराच्या आतच. १० इंची नळीतून तर गोळी बाहेर पडतानाच त्या रेषेवर असते.

मोगादिशू, १९९३. मार्क बोडेन यांच्या 'ब्लॅक हॉक डाउन' पुस्तकात डेल्टा फोर्सच्या सैनिकाची हीच तक्रार आहे, की गोळी लागूनही माणूस पडत नाही.

आणि मग अफगाणिस्तान. इराकच्या गल्ल्यांत आणि गाड्यांत एम४ अगदी हातात बसलेली होती. तिथून तीच बंदूक घेऊन सैनिक डोंगरात गेले, जिथे समोरचा माणूस पलीकडच्या कड्यावरून मारतो. मेजर थॉमस एऱ्हार्ट यांनी २००९ मध्ये सैन्याच्याच अभ्यासक्रमासाठी एक प्रबंध लिहिला, त्यात मांडलं की तिथल्या निम्म्या चकमकी ३०० मीटरच्या पलीकडे होतात आणि आपली बंदूक, गोळी आणि प्रशिक्षण तिथवर पोचत नाही. घरात शिरायला कापलेली नळी दरीपलीकडे कमी पडली.

त्याच्या आदल्या वर्षी, १३ जुलै २००८ ला, वानात गावाजवळच्या चौकीवर पहाटे हल्ला झाला. ९ अमेरिकन सैनिक मारले गेले, २७ जखमी झाले. सैन्याच्या इतिहासकाराने नंतर वाचलेल्यांशी बोलून जे लिहिलं, त्यात एम४ तापून बंद पडल्याच्या नोंदी आहेत. सैन्याचं उत्तर असं, की ही बंदूक सलग चालवायची तर मिनिटाला १२ ते १५ गोळ्या, आणि तिथे त्याच्या कितीतरी पट झाडल्या गेल्या. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण माझं स्पष्ट मत सांगू? तटबंदी तोडून आत आलेल्या शत्रूसमोर कोणी मिनिटाला १५ मोजत बसत नाही. आणि एम४ ची नळी पकडीखाली बारीक केलेली होती, वजन वाचवायला. नंतर सैन्याने सगळ्यांना जाड नळीची एम४ए१ द्यायचं ठरवलं, यातच काय ते आलं.

आता आपल्या बारामतीकराची एम४१६. खऱ्या जगातली एचके४१६.

डेल्टा फोर्सला १० इंचांच्या आसपासचीच नळी हवी होती, पण भरवशाची. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने काय केलं, तर स्टोनरने काढून टाकलेला दांडा परत बसवला. गॅस पुढेच एका छोट्या पिस्टनला ढकलतो, पिस्टन दांड्याला, दांडा बोल्टला. गरम, काजळी भरलेला गॅस मागे बोल्टपर्यंत येतच नाही. नळी आखूड असली, पुढे सायलेन्सर असला, तरी बंदूक कुरकुर कमी करते. बदल्यात वजन वाढतं. २००७ च्या अखेरीस अमेरिकन सैन्याने धुळीत चाचणी घेतली, प्रत्येक बंदुकीच्या ६०,००० गोळ्या. एम४ ८८२ वेळा अडली, एचके४१६ २३३ वेळा, आणि एक्सएम८ नावाची तिसरी, तीही पिस्टनवाली, फक्त १२७ वेळा. सैन्याने लगेच आठवण करून दिली की त्याच वर्षीच्या आधीच्या चाचणीत हीच एम४ फक्त ३०७ वेळा अडली होती. तरीही ३०७ म्हणजे उरलेल्या दोघींपेक्षा जास्तच, नाही का!

नॉर्वेने एचके४१६ घेतली, फ्रान्सने घेतली. अमेरिकन मरीन्सनी तिचाच १६.५ इंची भाऊ घेतला, एम२७. मरीन्सनी नळी आखूड केली नाही, एम४ पेक्षा दोन इंच वाढवली, हे गेम खेळताना आठवा.

आपल्या पुण्यातही ही कसरत झालीय. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेत इन्सास कुटुंब आखलं गेलं: एकाच ५.५६ च्या काडतुसावर रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाईन. रायफलची नळी ४६४ मिलिमीटर, मशीनगनची ५३५. तिच्यात पिस्टन आहे आणि गॅस कमीजास्त करायचा रेग्युलेटरही. ही दोघं सैन्यात गेली, १९९९ ला कारगिलमध्ये लढली. तिसरी, कार्बाईन, मात्र अडली. एवढ्या ताकदीचं काडतूस एवढ्या आखूड नळीत घातलं की जाळ आणि धक्का आवरेना. शेवटी अभियंत्यांनी नळीशी भांडायचं सोडलं आणि काडतूसच बदललं. ४५ मिलिमीटरचं खोकं ३० चं केलं, दारू कमी, आणि त्यावर नवीन कार्बाईन बांधली. आजची जेव्हीपीसी ती हीच. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. ती कार्बाईन ३०० मीटरपलीकडचं काही कबूल करत नाही आणि कोणी तशी अपेक्षाही ठेवत नाही.

अमेरिकनांनीही काडतूसच बदललं, पण उलट दिशेने. २०१० मध्ये आखूड नळीत चालेल अशी नवी गोळी आणली, एम८५५ए१, जास्त दाबाची. आणि २०२२ मध्ये तर नवीनच रायफल निवडली, आता तिला एम७ म्हणतात. ६.८ मिलिमीटरची गोळी, पिस्टन, आणि नळी जेमतेम १३ इंच. एवढ्या आखूड नळीतून लांब मारा हवा म्हणून काडतुसातला दाब इतका वाढवला की नुसतं पितळ पुरेना, काडतुसाच्या बुडाला पोलाद लावावं लागलं.

त्या १३ इंचांच्या पुढे प्रत्येक सैनिकाला सायलेन्सर मिळतो. तो लावला की रायफल एम४ पेक्षा लांब होते, आणि जडसुद्धा.

तर बारामतीकर, गेममध्ये तू एम४१६ च घे. तिथे दरी पलीकडे कोणी बसलेला असला तरी आपण रीस्टार्ट मारू शकतो. पुढच्या एपिसोडसाठी प्रश्न पाठवत राहा मंडळी, व्हॉइस मेसेज एक मिनिटाच्या आत ठेवा, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांचा पाठवला होता. भेटूच.